वहीतले तेवीस शब्द

"ऐकू येईल तेवढंच लिहायचं बरं का. ऐकावंसं वाटतं ते नाही."

असं म्हणत मोठ्या सिस्टरनी हिरव्या पुठ्ठ्याची वही टेबलावरून तिच्यापुढे सरकवली. मांडीवरचा एक वर्षाचा मुलगा छताच्या पंख्याकडे टक लावून बघत होता, जणू त्या पंख्याची तपासणी करण्याचं काम त्याच्यावरच सोपवलंय. सिस्टरनी त्याला तीनदा नावानं हाक मारली होती, टाळी वाजवली होती, खुळखुळा हलवला होता. खुळखुळ्याला मान वळली, हाकेला नाही.

"कान ठीक दिसतायत. पण मला जरा शंका आहे," सिस्टर म्हणाल्या. "रोज काय बोलतो ते तारीख घालून लिहा. पंधराव्या महिन्यात गोवराची दुसरी सुई आहे, तेव्हा वही घेऊन या. तोवर मोठ्या तपासणीची चिठ्ठी मी लिहून ठेवते. लागली तर देईन, नाहीतर फाडून टाकीन. पण खरं तेच लिहा हं बाई. वही माझ्यासाठी नाहीये, त्याच्यासाठी आहे."

"हो, हो," ती म्हणाली. दुकानदारानं 'पिशवी खालून धरा' म्हटलं की आपण म्हणतो, तसं. मनातून तर तिला हसू आलं. नोंदी कशा ठेवायच्या हे आता तिला कुणी शिकवायचं?

चार वर्षं तिनं तेच केलं होतं. शास्त्राची पदवी घेतल्यावर शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला लागली होती. रोज वेगवेगळ्या नळांच्या पाण्याच्या चाळीस बाटल्या यायच्या, त्यांत क्लोरीन किती, गढूळपणा किती हे बघून रकाने भरायचे. एखाद्या दिवशी गाडी बंद पडली आणि बाटल्या आल्याच नाहीत, तर तिथले प्रमुख कानावरची पेन्सिल काढत म्हणायचे, "काल पॉइंट चार, परवा पॉइंट चार. आज काय नळाला समुद्र येणारे? लिहा पॉइंट चार." याला तिथे टेबलनोंद म्हणत. दुसऱ्या दिवशी बाटली यायची आणि आकडा तोच निघायचा. टेबलनोंद म्हणजे खोटी नोंद नव्हे, थोडी लवकर केलेली खरी नोंद, असं तिथे सगळेच मानत. तीही मानायची. आठवा महिना लागायच्या आधी तिनं नोकरी सोडली, पण ही सवय तिच्याबरोबर घरी आली. सवयींचा कुणी राजीनामा मागत नाही.

पहिले आठ दिवस वही कोरीच राहिली. रोज संध्याकाळी सासूबाई भाजी निवडायला घेत आणि ताटाकडे बघतच विचारत, "काय, आज काही बोलले का आमचे साहेब?" पोरगा पाठ ताठ करून, कुणाकडे न बघता बसायचा, म्हणून त्यांनीच त्याला साहेब हे नाव पाडलं होतं.

"अजून नाही."

"नाहीच बोलणार. सातव्या महिन्यापर्यंत त्या बाटल्या हुंगत बसली होतीस. पोटातल्या पोराला काय कळतं, आत औषध जातंय की दूध? मी तेव्हाच म्हटलं होतं." नवरा समोर मोबाइलवर काहीतरी वाचत असायचा. तो हो म्हणायचा नाही आणि नाहीही म्हणायचा नाही, आणि त्या घरात नाही न म्हणणं म्हणजे हो असायचं.

नवव्या दिवशी साहेबांनी पंख्याकडे बघून 'फ्फ' केलं. तिनं धावत जाऊन लिहिलं : पंखा, सकाळी नऊ वीस. ही नोंद खरी होती. त्या आठवड्यात 'दे'सारखं काहीतरी आलं, पुढच्या आठवड्यात 'बा'. ते दोन्हीही खरे. मग पंधरा दिवस काहीच नाही. सोळाव्या दिवशी दूध पिताना त्यानं तिच्या गाऊनचं बटण मुठीत धरलं आणि नुसतं 'अंअं' केलं. ती कितीतरी वेळ पेन हातात धरून बसली. उद्या म्हणेलच की. परवा तर नक्कीच. मग तिनं लिहिलं : आई. सकाळी आठ दहा. दूध पिताना, माझ्या तोंडाकडे बघून.

'माझ्या तोंडाकडे बघून' लिहिताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी आलं म्हणजे ते खरंच असणार, असंही तिला वाटलं.

त्या संध्याकाळी तिनं ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. सासूबाईंनी भाजी निवडणं थांबवलं. नवऱ्यानं मोबाइल उलटा ठेवला आणि पोराला उचलून म्हणाला, "काय रे लबाडा, मला नाही म्हणून दाखवलंस!" तिच्या संसारातली ती फार चांगली संध्याकाळ होती. अशा आणखी काही संध्याकाळी हव्यात असं कुणाला वाटणार नाही? मग माऊ आली, चेंडू आला, नको आला, गेला आला. सगळे वेळेसकट, तारखेसकट, स्वच्छ अक्षरात. शेवटचा शब्द 'दिवा'. तो तिनं सुईच्या आदल्या संध्याकाळी लिहिला. एकूण तेवीस.

पंधराव्या महिन्यात सिस्टरनी वही पहिल्या पानापासून वाचली. वाचता वाचता त्यांचा चेहरा सैल होत गेला. "तेवीस! अहो, मग माझीच शंका खुळी. मी उगाच तुमच्या जिवाला घोर लावला." त्यांनी खणातून मोठ्या तपासणीची चिठ्ठी काढली, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. ते तुकडे उचलून घ्यावेत असं तिला वाटलं, पण तेवढ्यात सिस्टरनी साहेबांच्या दंडाला कापूस लावला होता. सुई टोचली. साहेब कळवळून रडले आणि रडता रडता, सव्वा वर्षात पहिल्यांदाच, त्यांनी आईच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

तीन दिवस अंगात कसकस होती, पोर किरकिरत होतं. वही कपाटावर राहिली ती राहिलीच. तीन महिन्यांत तिनं एकही शब्द लिहिला नाही. खरा एकही आला नाही, आणि खोटा लिहायला रोज बळ लागतं. 'फ्फ', 'दे' आणि 'बा' तर सुईच्या आधीच केव्हातरी विरून गेले होते. पण कोण कधी गेलं याची नोंद तिनं कुठे ठेवली होती? वहीत फक्त आलेलेच शब्द होते.

दीड वर्षाच्या तपासणीला नवराही बरोबर आला. सिस्टरनी हौसेनं विचारलं, "काय साहेब, आई कुठंय? दाखवा बरं आई?" साहेब पंख्याकडे बघत राहिले. सिस्टरनी माऊचं चित्र दाखवलं, चेंडू दाखवला, शेवटी भिंतीवरचा दिवा लावून दाखवला. मग त्यांचा हात बटणावरच राहिला. "वहीत तर तेवीस शब्द होते," त्या हळूच म्हणाल्या.

तिच्यापुढे दोनच वाटा होत्या : वही खोटी म्हणायची, नाहीतर मधल्या काळात काहीतरी झालं म्हणायचं.

"इंजेक्शननंतर बंद झालं सगळं," ती म्हणाली. वाक्य आपोआप बाहेर पडलं, चपला घालून दाराशी तयार उभं असल्यासारखं.

"बाई, हे असं याच वयात दिसायला लागतं. सुई नेमकी त्याच वयात पडते, म्हणून सुईच्या माथी येतं. ज्यांना दिलेली नसते त्यांचंही होतंच." सिस्टरनी दिव्याचं बटण बंद केलं. मग तिच्या डोळ्यांना डोळा भिडवत म्हणाल्या, "वहीतलं सगळं कानांनी ऐकलेलं आहे ना?"

ती बोलायच्या आत नवरा उठून उभा राहिला. "म्हणजे काय? माझी बायको खोटारडी? तुम्ही पोराची वाचा घालवलीत आणि वर तिलाच विचारताय?"

लग्नाला पाच वर्षं झाली होती. एवढ्या काळात तो पहिल्यांदाच तिच्या बाजूनं उभा राहिला होता, आणि तेही या वहीसाठी. आता तिनं काय म्हणायचं होतं?

घरी आल्यावर सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या सुईला, सिस्टरला, सुई शोधणाऱ्याच्या सात पिढ्यांना शिव्या घालत स्वयंपाकघरात गेल्या आणि चहाचा कप घेऊन आल्या. तिच्यासाठी. "घे. तुझा काय दोष बाई त्यात." त्या घरात बाटल्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. मोठ्या तपासणीत साहेब स्वमग्न असल्याचं निघालं. डॉक्टरांनी फाइलवर लिहिलं : पालकांच्या सांगण्यानुसार पंधराव्या महिन्यापर्यंत तेवीस शब्द, नंतर वाचा गेली. आता ते छापील कागदावर होतं, शिक्क्यासकट. साहेबांना पुढची एकही सुई दिली गेली नाही.

उपचार केंद्राच्या व्हरांड्यात एक लांब बाक होता. मुलं आत थेरपीला गेली की आया बाहेर या बाकावर पाऊण तास बसायच्या. तिथे तिला वहीवाली हे नाव पडलं. कुणी नवी आई आली आणि रडवेली होऊन म्हणाली, "कशामुळे झालं असेल हो?" की बाकी सगळ्या एका सुरात म्हणायच्या, "वहीवालीला विचार." मग ती पिशवीतून हिरवी वही काढायची. तोंडानं काही सांगायची नाही. "मी काही म्हणत नाही. तूच वाच," एवढंच. नवी आई तारखा वाचायची, वेळा वाचायची, 'माझ्या तोंडाकडे बघून' हे परत एकदा वाचायची, आणि 'दिवा'नंतरचं कोरं पान उलटताना ती हमखास बाळाला छातीशी धरायची. चार वर्षांत बाकावरच्या सात जणींनी धाकट्यांच्या सुया टाळल्या. वहीवालीनं कुणालाही टाळ म्हटलं नव्हतं. तेवढं ती आठवणीनं पाळायची.

चिमणी आली तेव्हा साहेब सहा वर्षांचे झाले होते. ही बुटकीशी, हाडकुळी बाई बाकावर टेकायच्या आधीच बोलायला लागायची, म्हणून तिला चिमणी म्हणायचे. बरोबर चार वर्षांची मुलगी. ती चवड्यांवर चालायची, बाही चावायची आणि दिवसभर एकच सूर गुणगुणायची. शब्द एकही नाही. पुढे झोळीत चार महिन्यांचा मुलगा.

"चवड्यांवर चालते हो, उंच व्हायची घाई झालीय आमच्या बाईसाहेबांना. आणि हा आमचा दुसरा, हा मात्र बघा कसा बघतो, चोर मेला! हाक मारली की लगेच मान. ताई, वही तुमचीच ना? मला सगळं सांगा. याला नवव्या महिन्यात गोवराची सुई आहे, मग पुढं परत आहे. देऊ की नको? हिला तर दिलीच नव्हती. तेव्हा आमची घरं बदलायची गडबड, राहूनच गेली. तरी ही अशी."

ज्या मुलीला सुई दिलीच नव्हती तीही अशी. सगळ्यांच्या देखत ती मुलगी तिथेच उभी होती, बाही चावत, गुणगुणत. वहीवालीला वाटलं, आता कुणीतरी उठून विचारणार. पण शेजारची जाडी बाई म्हणाली, "अगं, हिचं जन्मापासूनच असेल. पण धाकटा चांगला आहे ना? चांगल्याचं वाटोळं कशाला करायचं?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. वहीवालीनंही.

चिमणीनं वही दोनदा वाचली. मग म्हणाली, "ताई, याची झेरॉक्स काढू? ह्यांना दाखवते. माझं कोण ऐकतंय?" समोरच्या दुकानातून ती बारा पानं काढून आली, घडी घालून पिशवीत ठेवली आणि जाताना वहीवालीच्या पायाशी वाकायला लागली. "अगं, अगं, काय करतेस!" तिनं चिमणीचे खांदे धरले.

नवव्या महिन्यातली सुई चुकली, पुढचीही चुकली. वहीवालीचं बघून चिमणीनंही एक वही सुरू केली. तीही हिरवीच. "दुकानदाराला म्हटलं, हिरवीच पाहिजे, ताईंसारखी." दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती ती वही उघडून बाकावर वाचून दाखवायची. "हे बघा, काऊ! आणि हे काय लिहिलंय, माझंच मला वाचता येईना. हां, दूध. की दूर म्हणाला होता? प्रश्नचिन्ह घातलंय बघा."

त्या वहीत खाडाखोड होती. दुधाचे डाग होते. तीन दिवस काहीच नाही, मग एका दिवशी चार शब्द. एकदा 'आई' लिहून खोडलं होतं आणि बाजूला लिहिलं होतं, 'नाही, झोपेत होता'. प्रयोगशाळेत असताना तिला कुठलाही कागद दुरून बघून सांगता यायचं, कुठली नोंद बाटलीची आणि कुठली टेबलाची. खरे आकडे वाकडेतिकडे येतात. टेबलाचे आकडे रांगेत उभे राहतात. चिमणीची वही बघताना तिला आपली वही आठवायची, एकही डाग नसलेली, आणि ती पिशवीची चेन लावून टाकायची. पोर मात्र तिला लळा लावून बसलं होतं. दुरून दिसली की ओरडायचं, "मामी!" हा त्याचा अकरावा शब्द. वेळ चिमणीनं लिहिलीच नव्हती. लिहिलं होतं, 'सारखंच म्हणतो'.

पोर सोळा महिन्यांचं झालं त्या सुमारास केंद्राच्या दारावर कागद लागला. परिसरात गोवराची साथ आहे, ज्या मुलांची लस राहिली असेल त्यांनी दवाखान्यात जाऊन ती लगेच घ्यावी. चिमणी कागद वाचून आली ती पहिल्यांदाच गप्प होती. वहीवालीच्या शेजारी बसून तिनं विचारलं, "ताई, देऊन टाकू का हो? दोघांनाही? मला भीती वाटते. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, गोवर वाईट. तुम्ही नुसतं हो म्हणा, मी आत्ता जाते."

नुसतं हो. एवढंच मागितलं होतं. वहीवालीच्या जिभेवर ते आलंही होतं. पण बाकावरच्या सगळ्या जणी बोलणं थांबवून तिच्याकडे बघत होत्या, आणि फाटकाजवळ नवरा स्कूटर लावत होता. त्या दिवशी तो न्यायला येणार होता. तिनं हो म्हटलं असतं तर जाडी बाई विचारणारच होती, का गं, आता कशी देऊ म्हणतेस? मग त्या एका होच्या मागून बाकीचं सगळं निघालं असतं, दिवा, चेंडू, माऊ आणि थेट आठ दहाचं दूध. आणि घरी जाऊन कुणाच्या हातचा चहा प्यायचा?

"तुझं मूल. तूच ठरव बाई," ती म्हणाली. "मी आपलं माझं सांगितलं."

चिमणीनं मान हलवली. "तुमचं डोळ्यांपुढं असताना मी वेगळं काय ठरवणार?" ती म्हणाली आणि दवाखान्याकडे न वळता घरी गेली.

दोन आठवड्यांत बाकावरच्या चार घरांत गोवर शिरला. तीन मुलं महिनाभरात हिंडूफिरू लागली. साहेबांना काहीच झालं नाही. ते आजारी मुलांच्या मधोमध बसून झाकणांच्या रांगा लावत राहिले, त्यांना साधी शिंकसुद्धा आली नाही. जिला पाच वर्षं शिव्या घातल्या ती पंधराव्या महिन्यातली सुई त्यांच्या दंडात निमूटपणे आपलं काम करत होती. चिमणीनं मोठीला बहिणीकडे धाडलं म्हणून ती वाचली. धाकट्याला मात्र तापाच्या सहाव्या दिवशी आकडी आली, मग दुसरी, मग तिसरी. डॉक्टर म्हणाले, मेंदूला सूज आहे.

ती भेटायला गेली तेव्हा वॉर्डाबाहेरच्या खुर्चीवर चिमणी बसली होती, मांडीवर हिरवी वही. काचेतून पोर दिसत होतं. डोळे उघडे होते, पण कशावरही ठरत नव्हते. तिला बघून ओठ हलतात का, हे ती बघत राहिली. नाही हलले.

"चौदा झाले होते ताई," चिमणी म्हणाली. वही उघडून तिनं शेवटचं पान दाखवलं. अक्षर वाकडं होतं, ताप आल्यावर घाईत लिहिलेलं. "चौदावा, पाणी. त्याच्यानंतर काही नाही. डॉक्टर म्हणतात, मान धरेल की नाही तेसुद्धा सांगता येत नाही." पुढचं पान तिनं उलटलं. ते कोरं होतं. "तुमच्या वहीसारखंच झालं बघा."

चिमणीनंच तिचा हात धरला आणि तिला धीर दिल्यासारखा दाबला. "पण एक बरं झालं ताई. मी स्वतः नेऊन सुई दिली असती आणि असं झालं असतं, तर मी जगले नसते. तुमच्यामुळं तेवढं तरी वाचलं. माझ्या हातानं नाही झालं."

तेव्हा ती बोलली. खुर्चीवर बसता बसता, आजूबाजूला कोण आहे हे न बघता तिनं सगळं सांगितलं. तीन शब्द खरे होते, वीस मी घातले. सासूबाईंचं तोंड बंद करायला घातले. सुईनं काही केलं नव्हतं. तो आधीपासूनच तसा होता, सिस्टरना आधीच कळलं होतं, मीच त्यांना चिठ्ठी फाडायला लावली. "तुझ्या पाया पडते, मोठीला सुई दे. आज दे. साथ अजून गेलेली नाही. बहिणीकडून इकडे आणायच्या आधी दे."

चिमणीनं सगळं ऐकलं. मग तिनं हात सोडवून घेतला आणि पिशवीतून घडीचे कागद काढले. घड्या पडून पडून ते मऊ झाले होते. "आई. सकाळी आठ दहा. दूध पिताना, माझ्या तोंडाकडे बघून," तिनं वाचलं. "असं खोटं कोण लिहितं, ताई? वेळ घालून? तुम्ही घाबरलायत. माझ्या पोराचं बघून तुम्हाला वाटतंय सगळा दोष तुमचा. किंवा दवाखान्यातल्यांनी तुम्हाला शिकवून पाठवलंय."

"नाही गं. शपथ घेते. साहेबांची घेते."

"घेऊ नका!" चिमणी ओरडली. वॉर्डातली नर्स बाहेर डोकावली. चिमणीनं आवाज खाली आणला. "तुम्ही म्हणता तसं असेल, तर मग हे माझं काय झालं? हे कशासाठी झालं? सांगा ना. नाही, मला नका सांगू. माझी मोठी अजून गुणगुणते ताई. तेवढंच उरलंय माझ्या घरात आवाजाचं. सुई देऊन तेही घालवू म्हणता?"

तिनं कागदांची घडी केली, आधी होती तशीच, आणि पिशवीत सगळ्यात आत ठेवली.

वहीवालीनं त्याच संध्याकाळी घरी सांगितलं. नवऱ्यानं सगळं ऐकून मोबाइल उचलला आणि त्यात बघत राहिला. सासूबाईंनी हातातली भाजी ताटात टाकली. मग म्हणाल्या, "पाच वर्षं मला त्या सुईला शिव्या घालायला लावल्यास? माझ्या तोंडानं?" त्या उठून आत गेल्या. आत भांडं वाजलं, पण चहा आला नाही. शुक्रवारी तिनं बाकावर सांगितलं. जाडी बाई थुंकली. सुया टाळलेल्या सात जणींपैकी उरलेल्या सहा जणींनी त्याच आठवड्यात मुलांना दवाखान्यात नेलं आणि सगळ्यांना सुया दिल्या. त्यानंतर बाकावर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक माणसाची जागा मोकळी राहू लागली. मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या होत्या. तिनं पत्ता काढून हिरवी वही त्यांना पाठवली, खऱ्या तीन शब्दांखाली रेघ मारून. उत्तर आलं नाही.

चिमणी केंद्रात परत आली नाही. पोराला घरी सोडलं तेव्हा तिनं खोली बदलली. घरमालकीण दारातूनच म्हणाली, "गेले की. कुठं ते नाही सांगितलं. गप्पगप्पच होती हो शेवटी, आधी केवढी बोलायची." फोन लागत नाही. दवाखान्याच्या यादीत मोठीच्या नावापुढचा रकाना रिकामा आहे. वहीवाली तो दर महिन्याला जाऊन बघते. ती यादी सांभाळणारी बाई आता तिला बघितल्याबरोबर मानेनंच नाही म्हणते.

म्हणून आता ती दिसेल त्याला सांगते. बाकावर येणाऱ्या नव्या आईला सांगते, औषधाच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्यांना सांगते. आणि तुम्ही हे वाचत असाल, कुठल्यातरी दवाखान्याच्या नाहीतर केंद्राच्या व्हरांड्यात आपला नंबर यायची वाट बघत, तर तुम्हालाही तिचं एवढंच सांगणं आहे :

"एक बुटकी, हाडकुळी बाई दिसते का बघा. बरोबर एक मुलगी असेल, चवड्यांवर चालणारी, बाही चावणारी, सारखा एकच सूर गुणगुणणारी. आणि कडेवर एक मुलगा, कडेवर घ्यायच्या वयाचा राहिला नसला तरी कडेवरच, मान तिच्या खांद्यावर टाकलेला. दिसली तर सरकून बसायला जागा द्या. मुलाबद्दल काही विचारू नका. मोठीला गोवराची सुई दिली का, तेवढं विचारा. नसेल दिली, तर तुमच्या पोराचा दंड दाखवा, त्याची बडबड तिला ऐकू द्या, आणि तिच्याबरोबर दवाखान्याच्या दारापर्यंत जा. वहीवालीनं पाठवलं असं मात्र म्हणू नका. आणि तिच्या पिशवीत घडी घातलेले बारा कागद आहेत, ते ती वाचायला देईल. घेऊ नका. वाचलेत, तर तुम्हालाही ते खरे वाटतील."